दहापर्यंत मोजायचं काम

माझी नात शहराबाहेरच्या मिहान उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत नोकरीला आहे, पण आठवड्यातले तीन दिवस ती कंपनी आमच्या जेवणाच्या टेबलावर भरते. परवा ती अशीच कानात ती बोंडं घालून आठ-दहा जणांशी बोलत होती आणि मी आत मेथी निवडत होते. बोलता बोलता ती म्हणाली, "एनी ऑब्जेक्शन्स? नो? ग्रेट!" आणि पुढच्या विषयावर गेली. 'ऑब्जेक्शन्स' आणि 'ग्रेट' यांच्या मधली जागा मी जुन्या सवयीनं मोजली. एक झाला. दोन म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सगळ्यांचं एकमत होऊन गेलं. मला असं हसू फुटलं की मेथीची जुडी हातातून सुटली.

बैठक आटोपल्यावर पोरगी तणतणत आत आली. "आजी, माझा माइक चालू होता! सगळ्यांनी ऐकलं तुझं हसणं."

"बरं झालं की. एकीनं तरी हरकत घेतली."

"एवढं हसायला काय झालं?"

"तू ज्याचा पगार घेते ना, त्याच कामाचा मी सव्वीस वर्षं घेतला. आणि तुझ्यासारखीच वाईट करत होते."

तिला तो माझा विनय वाटला. माझ्या अंगात विनय कधीच नव्हता, हे या घरात फक्त तिच्या आजोबांना ठाऊक होतं, आणि ते आता नाहीत. म्हणून म्हटलं, दिवाळी अंकवाले 'तुमच्या कामातलं काहीतरी खुसखुशीत लिहा' म्हणून मागे लागलेच आहेत, तर लिहून टाकावं. खुसखुशीत कितपत होईल ते मात्र सांगत नाही.

माझं काम नेमकं काय, हे सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. कोणी विचारलं तर त्या सांगायच्या, "अनोळखी लोकांना एका खोलीत बसवते, त्यांना बोलायला लावते आणि चहा पाजते." आमच्या संस्थेनं मोठमोठी माहितीपत्रकं छापली, पण याहून चांगली व्याख्या त्यांना साधली नाही.

शहरात काही ठरवायचं असलं, म्हणजे कचऱ्याची गाडी कधी यावी, बस कुठल्या रस्त्यानं फिरावी, बाजार कुठे भरावा, की दोनच तऱ्हेचे लोक बोलतात. एक ज्यांच्याकडे खुर्ची आहे ते, आणि दुसरे ज्यांच्याकडे आवाज आहे ते. सदर भागात चष्म्याच्या दुकानावरच्या माडीवर आमची संस्था होती, आणि उरलेल्यांना बोलावणं हे तिचं काम. मतदारयादीतल्या नावांच्या चिठ्ठ्या करायच्या, दळणाच्या मोठ्या डब्यात टाकायच्या, हलवायच्या आणि चोवीस उचलायच्या. ज्याची निघेल तो. मग तो डॉक्टर निघो की कपडे इस्त्री करणारा. निरोप घेऊन घरी गेलं की लोक आधी दार अर्धं लोटून घ्यायचे. एक गृहस्थ घराची सोडत लागली असं समजून पेढे घेऊन आले. खरं काय ते सांगितल्यावर त्यांनी पेढ्यांचा डबा झाकला, पिशवीत ठेवला, आणि तरीही चारही शनिवार आले. पेढे काही पुन्हा दिसले नाहीत.

चार शनिवारांचा खेळ असे. आधी दोन्ही बाजूंच्या माणसांनी येऊन माहिती द्यायची. मग सहा-सहाचे गट. ज्याला जे वाटतं ते एका कार्डावर लिहायचं आणि भिंतीवर चिकटवायचं; लिहिता येत नसेल तर शेजारच्यानं लिहून द्यायचं. विषयाच्या बाहेरचं काही निघालं तर त्यासाठी बाजूला एक वेगळा चार्टपेपर लावलेला असे. त्याच्यावर मी माझ्या ठळक अक्षरात लिहायची, 'नंतर बघू'. शेवटच्या शनिवारी सगळ्यांच्या शिफारशी एकेक करून मोठ्यानं वाचायच्या आणि दर वेळी विचारायचं, "कोणाला काही अडचण?" ज्याला असेल त्याचं वेगळं मत त्याच्या नावासकट अहवालात छापायचं, तो एकटा असला तरी. पालिकेच्या साहेबांनी आमच्या शिफारशी मानल्याच पाहिजेत असं नव्हतं. पण काय मानलं, काय नाही आणि का, याचं लेखी उत्तर द्यायचं त्यांनी कबूल केलेलं असे. वेगळ्या मतालाही.

आता गंमत अशी की 'अडचण आहे का' असं विचारलं की लगेच कोण बोलतं? ज्याला घरी-दारी बोलायची सवय आहे तो. ज्याला कधी कोणी विचारलंच नाही त्याला आधी खात्री करून घ्यावी लागते की हे खरंच आपल्याला विचारलं. मग वाक्य जुळवावं लागतं. मग हिंमत. आमच्या संस्थेच्या प्रमुख मालूताई, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बुटकीशी बाई, पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "कुंदा, प्रश्न विचारला की तोंड मिटायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. दहाच्या आत तू बोलली तर समज, तू त्यांचं तोंड दाबलं. ऐकायला फार सोपं वाटते. करून पाह्य."

करून पाहा तुम्हीही. शांत बसलेल्या चोवीस माणसांसमोर उभं राहून दहापर्यंत मोजा. पाचाला घाम येतो. सहाला वाटतं आपण मूर्ख दिसतोय. सातला कोणीतरी खोकतं आणि त्या खोकल्याचे आपण मनातल्या मनात पाय धरतो. पण आठ आणि नऊच्या मध्ये कुठेतरी कोपऱ्यातली एक बाई म्हणते, "मी एक बोलू का?"

एका वस्तीत कचऱ्याच्या गाडीवर बैठका चालल्या होत्या. लोक कचरा रस्त्यावर का टाकतात, हा प्रश्न. एका बाईची चिठ्ठी निघाली होती आणि तिच्याऐवजी तिचा नवरा हजर. "तिले काय समजते मॅडम, मी आलो ना." मी म्हटलं, "भाऊ, चिठ्ठी त्यांच्या नावाची आहे. तुमच्या नावाची निघाली की तुम्ही या." पुढच्या शनिवारी तो तिला स्कूटरवर घेऊन आला आणि तीन तास बाहेर स्कूटरवरच बसून राहिला, राखणीला. आत साक्षरता, शिस्त, दंड असं सगळं बोलून झालं. मी विचारलं, "अजून कोणाला काही?" आणि मोजू लागले. नवव्या अंकाला ती बाई म्हणाली, "गाडी येते अन् नळ येतो, दोन्ही संगच. मी नळावर राहू का गाडीमागं धावू?" मग सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. गाडीची वेळ बदलली आणि रस्ता साफ झाला. चौथ्या शनिवारी तो नवरा आत येऊन चहाचे कप उचलू लागला होता.

तर असं होतं ते काम. आणि अशी मी. त्या काळातली मी तुम्हाला दिसायला हवी. हातमागाची साडी, खांद्यावर झोळी, झोळीत सहा रंगांची स्केचपेनं. मी भिंतीवरची कार्डं रंगानुसार सरळ ओळीत लावायची. एखादं वाकडं लागलं तर माणूस बोलत असताना मी जाऊन ते सरळ करायची. 'फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात तुम्ही' हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणायची. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ 'आता पुढे जा' असा होतो.

शिवाय माझ्याकडे एक गोष्ट होती. खरी होती, तेवढं तिच्या बाजूनं. माझी आजी बोरांची टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसायची. त्या टोपलीवर तिनं माझ्या वडिलांना शिकवलं, ते रेल्वेत कारकून झाले आणि म्हणून मी आज तुमच्यासमोर उभी आहे. ही गोष्ट मी दर पहिल्या शनिवारी सांगायची. 'टोपली'वर थोडं थांबायची. टाळ्या व्हायच्या. आजी असती तर म्हणाली असती, "काहून वं, माझी बोरं अजून विकूनच राहिली का?"

आता बाजाराकडे येते. इतका वेळ मी इकडचं तिकडचं सांगत बसले ते काही उगाच नाही. यायचं जिवावर आलं होतं.

शहराच्या उत्तरेकडे एका रस्त्यावर गुरुवारचा बाजार भरायचा. नाव सांगत नाही. रस्ता अरुंद, त्यात भाजीच्या राशी, सायकली, गाई, आणि मधूनच एखादी रुग्णवाहिका अडकलेली. बाजार जवळच्या मोकळ्या जागेवर न्यावा, तिथे पक्के ओटे बांधावे, पाणी आणि छप्पर द्यावं असं घाटत होतं. ते कसं करावं यावर चोवीस जणांच्या बैठका आमच्याकडे आल्या. तिथल्याच शाळेचा हॉल. पहिल्या शनिवारी मी आजीची टोपली काढली. टाळ्या झाल्या.

चहाच्या सुट्टीत एक बाई माझ्याजवळ आल्या. अनसूयाबाई. पंचेचाळिशीच्या असतील, दोन घरी स्वयंपाक करायच्या, बाजाराच्या मागच्याच वस्तीत राहायच्या. पदराचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मॅडम, तुमची आजी दर आठवड्याले बसे का बाजारात?"

"नाही हो," मी म्हटलं. "बोरं असतील तेव्हाच."

"हाव ना," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हाव ना, मॅडम." आणि कप ठेवून निघून गेल्या.

मला वाटलं, आजीची गोष्ट काय भिडली यांना! मी खूश.

दुसऱ्या शनिवारी खरा प्रश्न निघाला. ओटे कोणाला द्यायचे? बाजार खात्याचे साहेब म्हणाले, लागोपाठ चार गुरुवार मोजणी करू. चारही वेळा जो बसलेला दिसेल त्याचं नाव यादीत. यादीत असेल त्यालाच आत जागा. खोटी नावं घुसणार नाहीत, भाईगिरी चालणार नाही. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आजही मला त्यात वाकडं काही दिसत नाही, हीच तर पंचाईत आहे.

अनसूयाबाईंच्या गटात एक निवृत्त गुरुजी होते. ते दुसऱ्यांच्या कार्डांवरचे ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनानं दुरुस्त करायचे, पण माणूस मनाचा मोठा. लिहिता न येणाऱ्या सगळ्यांची कार्डं तेच लिहून देत. अनसूयाबाईंचं कार्ड त्यांच्याच वळणदार अक्षरात माझ्या हातात आलं: 'जी कधीमधी येते, तिचं काय?'

"फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात," मी म्हणाले. भिंतीवर 'यादी' या मथळ्याखाली सात हिरवी कार्डं सरळ ओळीत बसली होती. हे आठवं तिथे बसत नव्हतं. मी ते 'नंतर बघू'वर चिकटवलं आणि पुढे गेले.

तिसऱ्या शनिवारी नंतर बघितलं नाही. वेळच झाला नाही.

चौथ्या शनिवारी पाचला संपवायचं होतं आणि साहेबांनी शेवटी येऊन अहवाल स्वीकारायचा होता. साहेब पावणेपाचलाच आले. दाराशी उभे राहिले, मागे त्यांचा ड्रायव्हर, त्याच्या हातात समोशांचा पुडा. आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती मी कधी कोणाला सांगितलेली नाही. आमच्या संस्थेत तोवर एकही अहवाल पूर्ण एकमताचा निघाला नव्हता. प्रत्येकात कोणाचं ना कोणाचं वेगळं मत असायचंच. त्या दिवशी एकेक शिफारस वाचत गेले आणि कोणालाच अडचण निघेना. पाण्यावर नाही, छपरावर नाही, उजेडावर नाही. पहिला एकमताचा अहवाल, आणि तो माझा.

शेवटची शिफारस यादीची. मी वाचली. विचारलं, "कोणाला काही अडचण?" आणि मोजायला लागले.

एक, दोन, तीन. साहेबांनी घड्याळ पाहिलं. चार. समोशांचा वास हॉलमध्ये पसरला. पाच. अनसूयाबाईंनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला. उठायच्या आधी आपण ठेवतो तसा, तळवा पालथा, बोटं ताठ. सहा.

"धन्यवाद!" मी म्हणाले, आणि मीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

हॉलभर टाळ्या झाल्या. तो हात टेबलावरून मांडीवर गेला. मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मी तो हात पाहिला नाही, असं स्वतःला पुढे बरीच वर्षं सांगितलं. पाहिला होता.

अहवालात लिहिलं, 'सर्वानुमते'. शेवटी 'वेगळं मत' असा रकाना असे, त्यात 'नाही'. मालूताईंनी तो वाचला, चष्मा कपाळावर सरकवला. "चोवीस लोक आणि एकमत? कुंदा, मोजलं ना तू?"

"हो ताई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या. खाली चष्म्याच्या दुकानात कोणीतरी भाव करत होतं तेही ऐकू येत होतं. मग त्यांनी सही केली. त्या वेळी त्या काय करत होत्या हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. त्या मोजत होत्या. त्यांनी दहा पुरे केले; बोलले नाही ती मी.

ओटे झाले. चांगलेच झाले. सावली आली, पाणी आलं, रस्ता मोकळा झाला. नेहमीच्या बसणाऱ्यांनी मला बोलावून शाल-श्रीफळ दिलं. एकमत कसं घडवावं यावर मी दुसऱ्या शहरांत जाऊन भाषणं ठोकली. पडद्यावर त्या सरळ ओळीतल्या हिरव्या कार्डांचा फोटो दाखवायची. भाषणाच्या सुरुवातीला अर्थातच टोपली.

आणि 'नंतर बघू'चा कागद? कार्यक्रम आटोपल्यावर सामान गोळा करताना मी तो गुंडाळून घरी आणला. चार्टपेपर चांगला जाड असतो. स्वयंपाकघरातल्या कपाटात डाळींच्या डब्यांखाली अंथरला, लिहिलेली बाजू खाली करून.

मागच्या दिवाळीच्या आधी नात म्हणाली, "आजी, हे कागद किती जुने झालेत गं, बदलू." तिनं डबे उतरवले, कागद ओढला, आणि तो उलटा होऊन माझ्या पायाशी पडला. वर माझं ठळक अक्षर. खाली पाचसहा कार्डं; बहुतेक कपाटाच्या फळीला चिकटून फाटली होती. एक शाबूत होतं. गुरुजींचं वळणदार अक्षर.

"काय गं हे? 'जी कधीमधी येते' म्हणजे कोण?" नातीनं विचारलं.

वीस वर्षं झाली होती. मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं की ती कोण.

त्या आठवड्यात गुरुवारी मी बाजारात गेले. ओट्यांवर कोबी, वांगी, टोमॅटो. सगळं बाराही महिने मिळणारं. एका भाजीवाल्याला म्हटलं, "पावसाळ्यात तरोटा येतो का हो इथे? उन्हाळ्यात चिवळ?" तो म्हणाला, "ते खेड्यावरच्या बाया आणत होत्या, मावशी. आता नाई येत त्या इकडं. काहून नाई येत, मालूम नाई."

मला मालूम झालं होतं. रानभाजी दर गुरुवारी उगवत नाही. चार गुरुवार लागोपाठ मोजणी केली तर त्या बायका सापडणार कशा? बोरांच्या हंगामाबाहेर मोजणी केली असती तर माझी आजीही सापडली नसती. भर बाजारात एका ओट्याला टेकून उभी राहिले आणि वाटलं, एवढं साधं! टोपलीवर सव्वीस वर्षं टाळ्या घेतल्या आणि खरी टोपली कार्डावर बसून समोर आली तर ती बाजूला चिकटवली.

पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मागच्या वस्तीत गेल्यावर कळलं. अनसूयाबाईंचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात बसून गवार मोडत होत्या. केस पांढरे झालेले, नजर तीच. मला पाहून जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "मोजणाऱ्या मॅडम ना वं तुमी?"

मी चरकले. "म्हणजे?"

"बसा ना. म्हातारपणी उभ्यानं बोलू नये." त्यांनी पाट सरकवला. मी कार्ड पिशवीतून काढून त्यांच्यासमोर धरलं. वाचून दाखवलं. "अनसूयाबाई, ही कोण होती? जी कधीमधी यायची?"

"सरू," त्या म्हणाल्या. "माही नणंद. तिकडं कन्हान नदीपल्याड देल्ली होती. सासरचे लय कडक. माहेरी जातो म्हटलं का भांडण, बाजारात जातो म्हटलं का काई नाई. मंग थे काय करे, काई उगवलं का टोपली भरे अन् गुरुवारच्या बाजारात येये. कधी तरोटा, कधी चिवळ, कधी सिंगाडे. टोपली डोक्यावर असली का बाईले कोणी पुसत नाई ना, कुठं चालली वं म्हणून. दोन तासांत इकून टाके, मंग इथं येये. भावाच्या संग जेवे. अन् चारच्या गाडीनं वापस."

"म्हणजे बाजार हे तिचं..."

"माहेर होतं थे तिचं, बाई. बाजार तं नावाले."

मग जे विचारू नये तेच विचारलं. "हे तुम्ही तेव्हा का नाही हो सांगितलं?"

त्या हसल्या. राग असता तर बरं झालं असतं. "सांगाचंच होतं ना. पण सगळ्यायसमोर नणंदेच्या सासरची गोष्ट, तोंड उघडाले टाइम लागते. गुरुजीनं मले सांगतलं होतं, 'अनसूया, मॅडम मनात दहा मोजतात. ओठ हालतात त्याईचे, पाह्य.' मी चारी शनिवार तुमचे ओठ पाहून राहिलो होतो. बराबर दहा. एक कमी नाई. मंग मी ठरवलं, आखरीच्या दिवशी आठ झाले का उठाचं. आठपर्यंत हिंमत करून घेऊ." शेंग मोडता मोडता त्यांचा हात थांबला. "तुमी सहावरच थांबल्या."

सव्वीस वर्षांत माझ्या कामावर कोणी इतका विश्वास टाकला नव्हता. मालूताईंनीही नाही.

"मग सरूताई?"

"दोन-तीन गुरुवार फाटकाच्या बाहेर बसली. तिथं कोण घेते? सगळं गिऱ्हाईक आत. टोपली भरलीच्या भरली वापस नेली. मंग सासरचे म्हणले, इकतच नाई तं जातं कायले? झालं." त्यांनी आतल्या भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे मान वळवली. "याईचं पाहाचं होतं तुमी. गुरुवारी दोन वाजेपर्यंत जेवाचे थांबत. बोलत नाई काई, फक्त ताट वाढू नको म्हणत. किती वर्सं! मंग हे गेले. भावाच्या मयतीले आली थे. तवा टोपली नव्हती डोक्यावर."

घरात कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मी म्हणाले, "अनसूयाबाई, मी तुमचा हात पाहिला होता. टेबलावर ठेवलेला. पाहून टाळ्या वाजवल्या मी. तुमचं काय म्हणणं असेल ते आज मला म्हणा. काय वाट्टेल ते म्हणा."

आणि मी गप्प बसले. मुद्दाम नाही मोजलं हो, पण सव्वीस वर्षांची सवय. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी पाचावर होते की सहावर, ते त्यांना दिसत असणार. आठ झाले. नऊ झाले. दहा झाले. मी थांबले नाही, पुढे मोजत गेले, पंधरा, सोळा. त्या शेंगा मोडत होत्या.

"मोजून राहिल्या तं मोजा," त्या शेवटी म्हणाल्या. "मले आता काई म्हणाचं नाई. तवा होतं."

मग उठून चहा ठेवला. चहा पिताना मी विचारलं की हे सगळं मी लिहून एका दिवाळी अंकात दिलं तर चालेल का, तुमचं आणि सरूताईंचं नाव बदलून. त्यांनी विचार केला. या वेळी मी खरंच मोजलं नाही.

"लिहा," त्या म्हणाल्या. "नाव बदलाचं तं बदला. फक्त सगळ्यायचं एकच मत होतं, असं नका लिहू."

नाही लिहिलं, अनसूयाबाई.